मिटल्या तोंडाची डरकाळी

"यात सिंह आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मला सिंह नकोय."

साउंडवाल्याचा चेहरा पडला. सिंह होता हे खरंच होतं. सिंह होता, त्याखाली थोडा हत्ती होता आणि मधूनच त्याच्या स्वतःच्या बाथरूमचा तुंबलेला पाइपही होता. पण हे सगळं बाईंना वेगवेगळं ओळखता येईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

बाई संग्रहालयात जीवाश्मांच्या अभ्यासक होत्या. नव्या दालनात दोन मजली उंचीचा, मान हलवणारा मांसाहारी डायनासोर उभा राहिला होता आणि त्याला आवाज द्यायचं काम साउंडवाल्याकडे आलं होतं.

"पण एवढा मोठा शिकारी म्हटल्यावर डरकाळी नको?"

"कोणी ऐकलीय ती? मगर बघा, शहामृग बघा. त्याचेच नातेवाईक ते. तोंड मिटून, छातीतून घुमतात. हाही तसाच घुमत असावा." बाई खुर्चीत मागे रेलल्या. "आणि तो काही उठल्यापासून खाऊ की गिळू करत फिरत नसणार. जबडा हाडं चुरडणारा, ते कबूल. पण कितीतरी वेळा शिकार निसटत असणार, आयतं मेलेलं सापडलं तर तेही खात असणार आणि पोट भरलं की सुस्त पडून राहत असणार. मला तो सुस्त पडलेला आवाज द्या. रविवारी उद्घाटन आहे."

साउंडवाला घरी आला तो रविवारपर्यंतचे दिवस मोजतच. कारण रविवारी उद्घाटनाला सासरे येणार होते.

सासरे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. नोकरी सुटली, पण नजर सुटली नव्हती. त्यांनी नुसतं पाहिलं तरी समोरच्याचा हात आपसूक खिशाकडे जाई. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी जावयाचा हात अजून जात होता. आवाज विकून पोट भरणं हा सासऱ्यांच्या लेखी विनातिकीट प्रवासच होता. पण या खेपेला लेकीने हट्ट धरून आईवडिलांना राहायला बोलावलं होतं आणि सासरे जावयाचं काम पहिल्यांदाच बघणार होते. त्यांच्या तोंडून एकदा तरी 'बरं आहे' निघावं, एवढीच त्याची इच्छा होती. तो ती कुणाला सांगत नसे, बायकोलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माइक लावला आणि तोंड मिटून घुमून पाहिलं. पहिल्यांदा म्हशीसारखं आलं. दुसऱ्यांदा ठसका लागला. तिसऱ्यांदा मात्र हेडफोनमध्ये असा खोल, जाडजूड घुमारा उमटला की तो हरखूनच गेला. मग त्याच्या लक्षात आलं, आपण तर अजून नुसता श्वास घेतोय.

आवाज शेजारच्या खोलीतून येत होता. तिथे सासरे झोपले होते.

सासरे घोरत नाहीत, असं त्या घरात ठरलेलं होतं. सासूबाईंनी आयुष्यभर तक्रार केली आणि दरवेळी सासऱ्यांच्या 'पुरावा दाखव' या दोन शब्दांवर प्रकरण मिटलं. साउंडवाल्याने अर्धवट उघड्या दाराशी हळूच माइक नेला. बराच वेळ तो घुमारा टिपून झाला आणि मग आतून सासूबाई कडाडल्या, "अहो, कुशीवर व्हा!" खाट करकरली आणि सगळं शांत झालं.

त्याने तो सगळा तुकडा चौपट संथ केला आणि बायकोला ऐकवला.

"हे बाबा आहेत," ती म्हणाली.

"छे! काहीतरीच काय?"

"लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकलंय मी. पुसून टाक आधी. त्यांना कळलं ना, तर परत आपली पायरी चढायचे नाहीत."

"अगं, पण दुसरं काही जमतच नाहीये. आणि बाईंना आवडणारही नाही बघ."

बाईंना आवडलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि हातावरचे उभे राहिलेले केस त्याला दाखवले. "आणि हा शेवटचा हुंकार! काय अधिकार आहे हो यात! आधीचं सगळं त्याच्यापुढे लोळण घेतंय."

हा हुंकार म्हणजे सासूबाईंचं वाक्य होतं.

"तेवढा कापून टाकतो," तो घाईघाईने म्हणाला.

"हात लावून तर बघा."

त्यानंतर तो सासऱ्यांसमोर जाणं टाळू लागला. सासऱ्यांनी वर्तमानपत्रावरून पाहिलं की त्याचा हात खिशात आणि खिशातला रुमाल ओला. शनिवारी त्याने एक खडा टाकून पाहिला. "बाबा, उद्घाटनाला फार गर्दी असते. उकडतं. तुम्ही नंतर निवांत आलात तर?"

"मी जन्मभर गर्दीतच नोकरी केलीय, जावईबापू," सासरे म्हणाले. विषय संपला.

रविवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून अगदी पुढे उभे राहिले. शेजारी सासूबाई. फीत कापली, दिवे मंद झाले आणि दालनाची जमीन हलकेच घुमू लागली. आवाज कानांनी ऐकू येण्याआधी पोटात पोहोचत होता. माणसं बोलायची थांबली. एक लहान मुलगी वडिलांच्या खांद्यावर चढून बसली. शेवटचा हुंकार आला तेव्हा खुद्द सासरे अर्धं पाऊल मागे सरले. कुणीही काही ओळखलं नव्हतं. साउंडवाल्याने कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

"छान आहे," संग्रहालयाचे अध्यक्ष म्हणाले, "पण जरा झोपाळू वाटतो. याला जोर नाही का?"

"तसाच असणार तो," बाई म्हणाल्या.

"लोक घाबरायला येतात हो, बाई. आवाज वाढवायचं बटण कुठलं? हे का?"

मान आणि आवाज बरोबर चालावेत म्हणून डायनासोर बसवणाऱ्या मिस्त्रीने दोन्हींची गती एकाच बटणाला जोडली होती. साउंडवाला "साहेब, ते नको!" म्हणत धावला, पण अध्यक्षांनी ते पार शेवटपर्यंत फिरवलं.

डायनासोर कोंबडीसारखी मान पुढेमागे झटकू लागला आणि त्याच्या छातीतून स्वच्छ, घरगुती, शेवटाला बारीक शिट्टी असलेलं घोरणं दालनभर पसरलं. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. कुणाचं हे, अशा चेहऱ्याने त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा. साउंडवाला डोळे मिटून देवाचा धावा करत होता.

"अहो, कुशीवर व्हा!" डायनासोर कडाडला.

आणि भर गर्दीत, उभ्या उभ्या, हातात निमंत्रणपत्रिका धरून सासरे कुशीवर झाले. डावा खांदा पुढे, उजवा मागे, एक हात गालाखाली. इतक्या वर्षांची सवय. अंगाने डोक्याला विचारलंच नाही.

 मग सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "मिळाला का हो पुरावा?"

दालन असं हसलं की अध्यक्षांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. बाई लालबुंद झाल्या. "तो हुंकार यांचा होता?" त्यांनी सासूबाईंकडे बघत हळूच विचारलं आणि सासूबाईंना वाकून नमस्कारच केला. साउंडवाल्याला मात्र हसू येत नव्हतं. सासरे त्याच्याकडेच येत होते. त्याचा हात खिशाकडे गेला.

"हे तुम्ही केलंत?"

"हो, बाबा. चुकलं माझं."

"मी घोरत नाही."

"नाही, बाबा."

सासऱ्यांनी मान वर करून त्या दोन मजली जनावराकडे बराच वेळ पाहिलं. "एवढं मोठं धूड," ते म्हणाले, "आणि हिच्या एका वाक्यावर गप्प झालं. हे मात्र शास्त्राला धरून आहे."

त्या दुपारी जेवणानंतर सासरे झोपायला गेले. दार लावून घेता घेता ते थांबले. बाहेर जावई माइकच्या वायरी गुंडाळत बसला होता. त्याच्याकडे न बघताच सासऱ्यांनी दार पुन्हा अर्धवट उघडं केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "लागलं तर असावं."