विश्वासू यंत्राची निवड

वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नमुना तपासणी प्रयोगशाळा आहे. ती सरकारी असल्याने तिचं नाव लांब आणि पाटी आखूड. पाटीवर नावाचे पहिले दोनच शब्द मावले, म्हणून सगळे तिला 'विभागीय सूक्ष्म' एवढंच म्हणतात. पूर्ण नाव काय आहे, हे आता कुणालाही सांगता येत नाही. पण त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही.

या विभागीय सूक्ष्ममध्ये छाया भोयर कंत्राटी पदावर प्लेटा बंद करण्याचं काम करत. प्लेट म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची तबकडी. तिच्यात मधाच्या पोळ्यासारखे इवले इवले खळगे. प्रत्येक खळग्यात नमुन्याचा एक थेंब सोडायचा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवायची. पट्टी कुठे उचलली राहिली की थेंब वाळतो. वर्ध्याच्या मे महिन्यात माणूस उभ्याने वाळतो, तिथे थेंबाची काय कथा! एकदा असेच थेंब वाळले आणि वडनेरच्या एका विहिरीचा अहवाल गेला, "नमुन्यात पाणी आढळले नाही." त्यावर इतकी तत्पर कार्यवाही झाली, की भरल्या विहिरीत टँकरने पाणी ओतून टंचाई दूर करण्यात आली.

तेव्हापासून छायाबाई प्रत्येक पट्टी अंगठ्याने रगडून बसवू लागल्या. थेंब वाळायचे थांबले. पण रगडता रगडता अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्या, आणि दारावरच्या हजेरीच्या मशीनने त्यांना ओळख देणं बंद केलं. "कृपया पुन्हा प्रयत्न करा," असं मशीनमधली बाई रोज अत्यंत गोड आवाजात सांगे. छायाबाई पुन्हा प्रयत्न करत, मग आत जाऊन दिवसभर राबत, आणि संध्याकाळी नोंद होई : गैरहजर.

घरीही वांधे सुरू झाले. नवरा अंकुश जाम गावच्या चौकात पंक्चरचं दुकान चालवतो. त्याच्या हाती एक दिवस कार्यालयाची नोटीस पडली.

"हापिसात तू नाई म्हणते हा कागद," तो म्हणाला. "घरी तर तू नसतंच. मंग दिवसभर जातं कुठी?"

"हापिसातच जातो ना!"

"म्या तुयावर विश्वास ठेवू का सरकारवर?"

छायाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने तेवढ्यापुरता सरकारवरचा विश्वास काढून घेतला.

नोटिशीचा अर्थ मात्र साफ होता. महिनाअखेर कंत्राटाचं नूतनीकरण, आणि गैरहजर माणसाचं नूतनीकरण होत नसतं. मुलीला, अपेक्षाला, यंदा नर्सिंगला घालायचं होतं. छायाबाई प्रयोगशाळेचे प्रमुख धनंजय सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, मी हे तुमच्यासमोर उभी आहो."

धनंजय सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे पाहिलं. "इकडं दिसून राह्यल्या बाई. पण तिकडं नाई दिसून राह्यल्या."

"मंग हातानं लिहा ना हजर."

"लिहिता येते. त्यासाठी दुरुस्तीचा अर्ज लागते."

"हा घ्या अर्ज."

"यावर हजर कर्मचाऱ्याचा अंगठा लागते."

सर दुष्ट नव्हते. निवृत्तीला आले होते, त्यामुळे कुणाचंही वाईट करण्याची त्यांची तयारी नव्हती, आणि चांगलं करण्याची तर नव्हतीच. पण त्यांना एक उपाय सुचला. प्लेटा आपोआप बंद करणारं यंत्र मिळतं. ते आलं, की अंगठ्याला विश्रांती, रेषा पुन्हा उमटतील, रेषा उमटल्या की हजेरी. त्यांनी वर मागणी पाठवली : "एक विश्वासार्ह, स्वयंचलित यंत्र तातडीने मिळावे." तातडीचं असल्यामुळे समिती नेमण्यात आली.

समितीत प्रयोगशाळेतलं कुणीही नव्हतं. ज्याला यंत्र वापरायचं आहे त्याचा त्यात स्वार्थ असतो, असा नियम आहे. अध्यक्ष होते लेखा शाखेचे लक्ष्मणराव, आणि सदस्य भांडारपाल भैयाजी. प्लेट म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक नसल्यामुळे निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागा उरली नाही.

"विश्वासार्ह कशाले म्हणावं, हे पहिले ठरवा," भैयाजी म्हणाले.

"त्यात काय ठरवाचं? मी तीन पोरींसाठी तीन जावई पाह्यले. एकबी पोरगी माघारी नाई आली," लक्ष्मणराव म्हणाले. "विश्वासू माल मले पाहूनच समजते. जे विचारल्याबिगर बोलत नाई, अन् विचारल्यावरबी बोलत नाई, ते विश्वासू."

व्याख्या इतिवृत्तात घेण्यात आली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तीन विक्रेते तीन यंत्रं घेऊन आले. छायाबाई कोपऱ्यातल्या टेबलावर आपलं रोजचं काम करत, तिकडे पाहत होत्या. पहिलं यंत्र झोकात सुरू झालं. चार प्लेटा सुबक बंद केल्यावर पट्टी संपली आणि ते पीं पीं करू लागलं.

"हे काऊन ओरडून राह्यलं?"

"पट्टी संपली, हे सांगतंय साहेब," विक्रेता कौतुकाने म्हणाला.

"आज पट्टी संपली म्हणून आपल्यापाशी ओरडते, उद्या वर कळवीन. तक्रारखोर हाय. नेऊन टाका."

दुसऱ्या यंत्रात लक्ष्मणरावांनी स्वतः बटण दाबलं. आत प्लेट ठेवायला ते विसरले होते. यंत्राने पडद्यावर लिहिलं, "प्लेट नाही," आणि ते स्वस्थ बसलं. लक्ष्मणरावांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा दाबलं. यंत्राने पुन्हा तेच लिहिलं.

"वरिष्ठानं काम सांगतलं, अन् हे म्हणते कामच नाई! चारचौघात!"

"उर्मट," भैयाजींनी लिहून घेतलं.

तिसऱ्या यंत्रालाही प्लेट न ठेवताच बटण दाबण्यात आलं. ते समाधानाने गुणगुणलं, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली : "काम पूर्ण." मग त्यात प्लेट ठेवून पाहिली. पट्टी टेबलाखाली पडली, हिरवा दिवा लागला, काम पूर्ण.

समितीने खुर्च्या पुढे ओढल्या.

"याले म्हंते संस्कार," लक्ष्मणराव यंत्रावरून हात फिरवत म्हणाले.

"आपल्यातलंच वाटते हो," भैयाजी म्हणाले.

कोपऱ्यात छायाबाईंनी हिशोब केला. हे यंत्र आलं, तर दिवा यंत्राचा लागणार आणि अंगठा त्यांचाच झिजणार. लक्ष्मणरावांनी सहीसाठी पेन उघडलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. तिन्ही यंत्रं गप्प झाली. हिरवा दिवासुद्धा विझला.

"लाईट आली की लगेच सुरू होईल साहेब," तिसरा विक्रेता घाईने म्हणाला.

"लाईट असल्यावर तर मीबी काम करतो," लक्ष्मणराव म्हणाले. हे खरं नव्हतं, पण त्याची नोंद कुणी घेतली नाही.

पंखे थांबले होते. त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज येत होता : सर्र, सर्र. बंद केलेल्या प्लेटांची चळत हळूहळू वाढत होती.

"तिकडं प्लेटा कोण बंद करून राह्यलं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

भैयाजींनी मोबाईलवर हजेरीचं ॲप उघडून खोली तपासली. "या खोलीत कर्मचारी शून्य."

"नीट पाहा."

"दोनदा पाह्यलं. शून्य."

"म्हणजे माणूस नाई, तरी प्लेटा बंद होऊन राह्यल्या."

"होऊन राह्यल्या खऱ्या."

"मंग याले स्वयंचलित नाई म्हणाचं तर काय म्हणाचं?"

"साहेब, मी आहो ना इथं!" छायाबाई ओरडल्या.

"आवाज येते," लक्ष्मणरावांनी नोंदवलं, "पण सौम्य हाय."

तुलनात्मक तक्ता तिथेच तयार झाला. वीज लागत नाही. शेहेचाळीस अंशांत चालते. पट्टी संपल्यास ओरडत नाही, स्वतः उठून भांडारातून आणते. प्लेट न ठेवता काम सांगितल्यास यंत्र स्मितहास्य करते. मूळ किंमत नाही. तक्रार एकच, आणि तीही स्वतःच्या गैरहजेरीबद्दलची, म्हणजे तांत्रिक नव्हे. समितीने एकमताने निवड केली.

धनंजय सरांनी निकाल सांगितला तेव्हा छायाबाई खुर्चीत बसल्या. खरं तर त्यांना बसायला सांगितलं नव्हतं.

"सर, मी माणूस आहो."

"असान बाई, मी कुठं नाई म्हणतो? पण माणूस म्हणून तुम्ही कागदावर नाईच, अन् मशीन म्हणून पयल्या नंबरावर आहा. महिनाअखेर माणूस जाते, मशीन राह्यते. आता तुम्हीच सांगा."

छायाबाईंनी अपेक्षाचा विचार केला. मग विचारलं, "मशीनले डबा खायची सुट्टी असते?"

"दुपारी थंड होऊ द्यावं लागते तिले."

"अन् हजेरी?"

"मशीनची हजेरी कोण घेते?"

दुसऱ्या दिवशी त्यांची नोंद डेडस्टॉकला, म्हणजे खुर्च्या-टेबलांच्या नोंदवहीत, झाली. 'डेड' हा शब्द त्यांना खटकला, पण भैयाजी म्हणाले, जुना शब्द आहे, मनाला लावून घेऊ नका. आणि त्यांच्या ॲप्रनवर क्रमांकाचं स्टिकर अदबीने चिकटवलं.

आणि काय सांगावं, छायाबाईंचे दिवस पालटले. नियमानुसार यंत्राला चोवीस अंश तापमान लागतं, म्हणून खोलीत एसी बसला. दारावर पाटी लागली, "मोठ्याने बोलू नये, धक्का लावू नये." माणूस असताना त्यांना दोन्हीचा सराव होता. दसऱ्याला भैयाजींनी झेंडूचा हार घालून नारळ फोडला. पगाराची तरतूद 'देखभाल खर्च' या शीर्षाखाली गेली. तो खर्च अनुभवी संस्थेलाच देता येत असल्याने, गळती बंद करण्याचा प्रदीर्घ अनुभव असलेल्या अंकुशच्या पंक्चर दुकानाची नेमणूक झाली. तो दरमहा अहवाल देतो : "मशीन सुरळीत. रविवारी आवाज करते."

हे पाहून कार्यालयात चलबिचल सुरू झाली. 'मलाही यंत्र करावे' असे अर्ज आले. त्यात एक धनंजय सरांचाही होता. लक्ष्मणरावांनी सगळे फेटाळले. "तुम्ही नसल्यावर कोणतं काम आपोआप होते, ते दाखवा," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कुणाचंही काम तो नसताना होत नव्हतं, आणि तो असताना होत होतं असंही कुणाला सिद्ध करता येईना.

अपेक्षाच्या प्रवेशाचा अर्ज पालकाने मोबाईलवर भरायचा होता. शेवटचा दिवस होता. फोटो चढला, गुणपत्रिका चढली. तळाशी एक रिकामा चौकोन आला. शेजारी लिहिलं होतं : "मी यंत्रमानव नाही."

छायाबाईंचं बोट तिथेच थांबलं.

"आई, लाव ना टिक! साईट बंद होईन!"

"खोटं कसं लिहू माय? उद्या तपासणी झाली तं तुया प्रवेश जाईन. माह्यावर सरकारी नंबर आहे."

"मी लावतो मंग," अंकुश पुढे आला. बोट उचललं, आणि तोही थबकला. आपण सकाळी उठून कालचंच सगळं करतो, विचारलं तर 'हो साहेब' म्हणतो, हे त्याला एकदम आठवलं असावं. "आपल्याले कुठं पक्कं माहीत आहे?" तो म्हणाला.

शेवटी अपेक्षाने दोघांच्या हातातून मोबाईल ओढून टिक लावली, आणि तिचा प्रवेश झाला.

आपणही, वाचकहो, आठवड्यातून दोन-चार वेळा त्या चौकोनात टिक लावता. समोरच्या संगणकाला ते पटत नाही; तो नऊ चित्रं पुढे करतो आणि त्यातले सिग्नल ओळखून दाखवा म्हणतो. आपण मुकाट्याने एकेक सिग्नल दाबत जाता. तो म्हणाला पुन्हा, तर पुन्हा.

छायाबाई निदान थांबल्या होत्या.