सुधन्वाची साथसंगत

सुधन्वाने ‘ऑड-ईव्हन’ हा नामवंत रॉक बँड सोडून स्वतंत्र गिटारवादन सुरू केल्याची बाब दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाच्या निदर्शनास आली आणि मंडळाला दुःख झालं. सांस्कृतिक सचिव या नात्याने ते मीच व्यक्त केलं.

“एकटा पडला हो पोरगा,” अध्यक्ष दीनानाथराव म्हणाले. ते केंद्र सरकारातून निवृत्त झालेत. एकट्याची सही असलेली फाइल त्यांनी उभ्या नोकरीत पुढे सरकू दिलेली नाही. “आपण पाठीशी उभं राहायला हवं.”

म्हणून गणेशोत्सवात त्याचा कार्यक्रम ठरला. सुधन्वाची अट एकच होती. “काका, मी एकटाच वाजवणार. आईसाठी नवी धून केलीय. बँडच्या गोंगाटात तिला माझी गिटार कधी ऐकूच आली नाही. या वेळी फक्त तेवढंच, प्लीज.”

“बिल्कुल!” मी म्हणालो. त्याच्या आईसाठी, उल्कावहिनींसाठी, पहिल्या रांगेतली खुर्चीही राखून ठेवली.

परंतु स्टेजवर माणूस एकटा बसलेला बरा दिसत नाही, असं मंडळाचं मत पडलं. तबल्यावर अनुरागला बसवलं. तबला आला म्हणजे पेटी आली आणि पेटी म्हणजे कुमुदिनीताई. त्यांना घेऊन बाकीच्या बायकांना वगळणं उघड पक्षपाताचं झालं असतं. सबब, झांजांसह अख्खं महिला मंडळ घेण्यात आलं.

“काका, मी बँड सोडलाय,” सुधन्वा म्हणाला.

“अरे, म्हणूनच तर!” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “आम्ही नाही हो तुला सोडणार.”

कार्यक्रमाच्या दिवशी आधी शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. साथीदारांचाही झाला, नाहीतर वर्षभर तोंडं फुगली असती. शालीवरून गिटारचा पट्टा खांद्यावर बसेना, आणि शाल लगेच काढली असती तर दीनानाथरावांचा अपमान झाला असता. मग लोकांनी बँडच्या पेट्रोलवरच्या गाजलेल्या गाण्याची फर्माईश केली. महिला मंडळाने ते झांजांवर घेतलं. झकास झालं! गिटार ऐकू आली नाही, पण तिची उणीव कुणाला भासली नाही.

“भाऊजी, त्याचं कधी आहे?” उल्कावहिनींनी मला विचारलं.

“हेच की, वहिनी!”

शेवटी नव्या धुनेची वेळ आली, तोच दीनानाथरावांनी माइकवरून पानं वाढल्याचं जाहीर केलं. हॉल रिकामा झाला. साथीदार सर्वांत आधी पोचले. स्टेजवर सुधन्वा राहिला आणि समोर वहिनी. त्याने शाल काढून ठेवली. पंगतीत मला गिटारचा सूर ऐकू आला. वाईट वाटलं, अगदी मनापासून. उठणारच होतो, पण मठ्ठा माझ्या पानापर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशी सुधन्वाने त्या धुनेची फाइल मंडळाच्या ग्रुपवर टाकली. ‘वा!’, ‘अप्रतिम!’, ‘डोळ्यांत पाणी आलं’ यांचा नुसता पाऊस पडला. दीनानाथरावांनी ‘साथसंगतही तोलामोलाची’ असं नमूद केलं. संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, त्या फाइलमध्ये आवाजच नाहीये हो. चुकून तशीच गेलीय. कुणीच कसं सांगितलं नाही?”

यावर मंडळ यथावकाश विचार करील. तोवर, वाचकहो, आपण हसू नये. ती फाइल फिरत फिरत आपल्याही ग्रुपवर आली होती आणि खाली आपला अंगठा आहे.