अठ्ठेचाळीस ताऱ्यांची घडी

घरापुढे झेंडा कसा लावावा हे कळणारा माणूस अख्ख्या मिनेसोटात एकच आहे आणि तो आमच्या घरी राहतो, असं मी त्या चौदा जूनपर्यंत बिनदिक्कत सांगत असे.

धान्याच्या कोठारावर हिशेब लिहून निवृत्त झालो आणि पहिलं काम केलं ते अंगणात खांब उभारण्याचं. पन्नास ताऱ्यांचा रोजचा झेंडा काय, कोणीही लावतो. शेजारचा व्हर्जिल सोबोट्काही लावतो. मी ठरवलं, आपण जुने झेंडे लावायचे. दर सोमवारी इतिहासातला एक नवा झेंडा, आणि गावाला फुकट शिक्षण!

गाव शिकायला फारसं तयार नव्हतं. पंधरा पट्ट्यांचा झेंडा लावला तेव्हा पोस्टमनने थांबून सांगितलं की दोन पट्टे जास्त आलेत, पावती असेल तर दुकानदार बदलून देईल. सापाचा लावला, जो हल्ली राजकारणातली मंडळी मिरवतात, तर मी मत कोणाला देणार यावर चर्चमध्ये कॉफी संपेपर्यंत चर्चा झाली. पाईनच्या झाडाचा लावला त्या आठवड्यात एक बाई नाताळची झाडं केवढ्याला, असं विचारून गेल्या. व्हर्जिल मात्र कुंपणापाशी हाताची घडी घालून उभा राहायचा. तो माजी सैनिक. झेंड्याचे नियम त्याला तोंडपाठ, आणि आपल्याला ते पाठ आहेत हे त्याहून पाठ.

पण माझं खरं लक्ष होतं सासूबाईंकडे. आर्लिस त्यांचं नाव. हिवाळ्यापासून त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माणसांच्या मनातही जमा-नावे असतं, असं मला नोकरीपासून दिसत आलंय. सासूबाईंच्या वहीत माझ्या नावावर लग्नापासून जमेला काहीच पडलं नव्हतं. तशा कधी रागावल्या नाहीत. मी काहीही केलं की चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "वेगळंच आहे हं." आमच्या भागात याहून कडक शिवी नाही.

म्हणून मी बेत केला. चौदा जूनला, झेंडादिनी, अठ्ठेचाळीस ताऱ्यांचा झेंडा! देशात अठ्ठेचाळीसच राज्यं होती तेव्हा, सासूबाईंच्या शाळेत हाच झेंडा असायचा. छातीवर हात ठेवून त्यांनी रोज याच्याचपुढे प्रतिज्ञा म्हटली असणार. तो पाहून विरघळतील, निदान माझ्याकडे चष्म्यातून बघतील, असा हिशेब. चर्चच्या पत्रकात सूचना छापून घेतली की सर्वांनी सकाळी यावं, कॉफी आणि लिंबाच्या वड्या मिळतील.

झेंडा टपालाने मागवला होता. पार्सल आलं ते त्याच सकाळी. उघडलं, तर आत काळा झेंडा. त्यावर कवटी आणि दोन हाडं.

अंगणात माणसं जमू लागली होती. सासूबाई चर्चच्या गाडीने केस सेट करायला गेल्या होत्या; परत येतील तेव्हा झेंडा वर हवा होता. मी बायकोला, जॅनेलला, वाचनालयात फोन लावला. ती म्हणाली, आईच्या पेटाऱ्यात एक जुना झेंडा आहे खरा, पण आधी आईला विचार. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला अगदी स्वच्छ ऐकू आला.

पेटाऱ्यात तळाशी, उशीच्या अभ्र्यात, निळी त्रिकोणी घडी होती. आमच्याकडे झेंडे त्रिकोणीच घडी घालून ठेवतात, माझेही तसेच असतात, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. घडी इतकी घट्ट बसली होती की उलगडताना कापड वाळल्या पानासारखं करकरलं. तारे मोजले. अठ्ठेचाळीस! देव पाठीशी आहे म्हणालो आणि धावलो.

झेंडा मोठा निघाला. मोठा म्हणजे, माझ्या खांबावर तो धाकट्या भावाला थोरल्याचा ओव्हरकोट घातल्यासारखा दिसू लागला. जड तर इतका की दोरीला लोंबकळूनच चढवावा लागला. शेवटी जोर करून एक हिसका दिला, झेंडा टोकाला पोचला, टाळ्या पडल्या, आणि वर काहीतरी 'खट्' झालं. दोरी कप्पीतून सटकून फटीत रुतली होती. आता ती ना वर जाईना, ना खाली.

"छान चढलाय," लोक वड्या खात म्हणाले, आणि वड्या संपल्यावर गेले.

व्हर्जिल गेला नाही. तो वर बघत होता.

"मर्ल, एवढा मोठा झेंडा आणलास कुठून?"

घरातलाच आहे, मी म्हणालो, ऐटीत.

"घरासाठी एवढा घेत नाहीत कोणी." त्याने टोपी काढली. "या मापाचा एकाच कामाला लागतो."

"कोणत्या?"

"शवपेटीवर घालायला."

हातातली लिंबाची वडी मी खिशात घातली. जॅनेलला पुन्हा फोन केला.  ती म्हणाली, "डेल्बर्टमामाचा आहे तो. कोरियाच्या लढाईतला. अरे, आजीने तो कधी उघडला नाही, आईने उघडला नाही. त्या सैनिक पोरांनी थडग्यापाशी घडी घालून जसा हातात दिला, तसाच्या तसा आहे तो."

"होता," मी म्हणालो.

फोन बंद झाला.

मग व्हर्जिलने आणि मी काय काय केलं ते सगळं सांगत नाही. शिडी लावली, ती पुरली नाही. शिडी गाडीच्या टपावर ठेवू म्हणालो, तेव्हा व्हर्जिलने माझा विमा कुठवर भरलाय ते विचारलं. त्याच्याकडे झाडाच्या फांद्या कापायची लांब दांड्याची कात्री होती. ती तो घेऊनही आला, आणि झेंड्याच्या आसपास कात्री चालवणं नियमात बसतं का यावर स्वतःशीच वाद घालत बसला. मी म्हणालो, "बाबा रे, सासूबाई यायच्या आत कोणत्याही नियमात बसव." तो म्हणाला, "नियम सासूबाई बघून बदलत नाहीत." एवढ्यात वारा सुटला. इतका वेळ खांबाला गुंडाळून राहिलेला झेंडा एका झटक्यात पूर्ण उलगडला आणि अंगणभर सावली पडली.

त्याच सावलीत चर्चची गाडी येऊन थांबली. सासूबाई उतरल्या. नव्या केसांवर प्लास्टिकची टोपी, हातात पर्स.

त्यांनी वर पाहिलं.

मी बोलायला लागलो. पार्सलपासून सुरुवात केली, कवटी सांगितली, पत्रक सांगितलं, कप्पी सांगितली. कोठाराच्या संचालकांपुढे हिशेबातली चूक सांगतानासुद्धा माझी जीभ इतकी अडखळली नव्हती. व्हर्जिलने आपली कात्री पाठीमागे लपवली. सासूबाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"केवढा आहे हा," त्या म्हणाल्या.

मीही वर पाहिलं.

"मला माहीतच नव्हतं." त्यांनी पर्स माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी हवेत एक लहानशी उशी दाखवली. "आईच्या मांडीवर ठेवला तेव्हा एवढासा होता. मी अकरा वर्षांची. डेल्बर्ट दारातून येताना वाकून यायचा, जावईबापू, आणि परत आला तो एवढासा. मला वाटलं, हे लोक बाकीचा तिकडेच ठेवून आले. विचारणार कुणाला? आई त्या अभ्र्याला हात लावू देत नव्हती. मग आई गेली, आणि मग माझाच हात होईना."

टोपी त्यांच्या केसांवर वाऱ्याने फडफडत होती. ती काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"आई, मी आत्ता खाली काढतो," मी म्हणालो. कसा, ते मला माहीत नव्हतं.

"आत्ता कशाला? खुर्ची आणा."

खुर्ची आणली. त्या झेंड्याखाली बसल्या त्या दुपारभर. जॅनेल वाचनालयातून लवकर आली ती मला सोलून काढायच्या तयारीनेच, पण आईला पाहिलं आणि तीही तिथेच गवतात बसली. सासूबाई सांगत होत्या. डेल्बर्टला पोहता येत नव्हतं तरी तळ्यात उडी कशी मारायचा, मक्याची कणसं कच्चीच कशी खायचा, आणि छोट्या आर्लिसला खांद्यावर घेऊन सफरचंदं कशी चोरायला लावायचा. लग्नापासून मी त्यांच्या तोंडून एवढी वाक्यं ऐकली नव्हती. व्हर्जिलने न विचारता कॉफी आणली आणि तो झेंड्याकडे तोंड करून उभा राहिला. नियमात असेल.

ऊन उतरल्यावर आम्ही खांबाच्या बुडाचे बोल्ट सोडवले आणि खांबच हळूहळू आडवा केला. टोक मी धरलेलं, मध्ये जॅनेल, आणि व्हर्जिल ओरडतोय, "जमिनीला लागू देऊ नका." लागला नाही. सासूबाई हात पसरून उभ्या होत्या. तो सगळाच्या सगळा त्यांच्या अंगावर आला, गुडघ्यांच्याही खाली. आत त्या दिसेनाशाच झाल्या. 

घडी घालायचं काम अर्थातच व्हर्जिलने घेतलं. आयुष्यभर हेच केलंय, म्हणाला. शेवटी फक्त निळं दिसायला हवं, लाल दिसलं तर घडी चुकली. पहिल्यांदा लाल दिसलं. दुसऱ्यांदा दिसलं. चौथ्यांदा व्हर्जिलने घाम पुसला आणि कापड आकसलंय, असा निष्कर्ष काढला. एका कोपऱ्यातून लाल पट्ट्याचं टोक जिभेसारखं बाहेर आलेलं, काही केल्या आत जाईना.

मला वाटलं, आता मात्र संपलं. त्या पोरांची घडी मोडली ती मोडलीच.

सासूबाईंनी घडी हातात घेतली आणि ते टोक अंगठ्याने हळूच दाबलं. ते पुन्हा बाहेर आलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "डेल्बर्टचा शर्टही असाच बाहेर असायचा."

मग माझ्याकडे वळल्या, आणि तेही चष्म्यातून. म्हणाल्या, "चांगलं केलंत, जावईबापू."

लग्नापासूनचा सगळा हिशेब एका ओळीत चुकता झाला! मी भरून पावलो. त्या घडी घेऊन आत गेल्या. मी मागोमाग गेलो, काही मदत लागली तर करावी म्हणून.

सासूबाई पेटाऱ्याला नवं कुलूप लावत होत्या.