निम्म्या विजेचं मशीन

"सासूबाई, हे मशीन म्हणजे गरीब गाय! जुन्याच्या निम्मी वीज खाईल आणि काम तेवढंच करील!" जावईबापूंनी छाती पुढे काढून जाहीर केलं.

जावईबापू म्हणजे घरजावई. मागच्या खोलीत त्यांचं क्रिप्टोचं मशीन रात्रंदिवस आकडेमोड करून कॉम्प्युटरातली नाणी खणत असे. जुनं मशीन भट्टीसारखं तापायचं, आणि ते गार ठेवायला त्याचे पंखे असे काही बोंबलायचे, की घरात बोलणं म्हणून उरलंच नव्हतं. सगळे ओरडायचे! "मीठ द्या" म्हणायलासुद्धा गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत. शेवटी सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "विजेचं बिल माझ्या पेन्शनीतून जातं. ते निम्म्यावर आणा, नाहीतर मशीन भंगारात!"

म्हणून हे नव्या चिपचं मशीन. जावईबापूंनी ऐटीत बटण दाबलं. शांतता!

"अहो, बंद पडलं वाटतं!" बायको ओरडली.

"चालू आहे!" जावईबापू ओरडले. "वीज कमी, म्हणून ताप कमी, म्हणून पंखे हळू!"

सासूबाई चष्मा लावून प्लगजवळच्या वॅटमीटरपुढे वाकल्या. आकडा खरंच निम्मा!

"राहू दे मग," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर उगीच संशय घेतला हो, जावईबापू." आणि खुशीत चहा टाकायला गेल्या.

जावईबापूंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी खोलीचं दार लावलं, मित्राला फोन लावला आणि रोजच्या सवयीने, रोजच्याच आवाजात गुपित सांगितलं.

"अरे, पटल्या! लोण्यासारख्या विरघळल्या! एक कसलं? दोन घेतली! निम्मी वीज लागते म्हटल्यावर दोन नकोत? दुसरं माळ्यावर, खोक्यांच्या मागे! आवाजच नाही, कुणाच्या बापाला पत्ता लागतोय! काय? बिल? ते पहिल्याएवढंच येणार की! मीटरवर ढकलू! म्हातारीला काय कळतंय!"

फोन ठेवून, शीळ घालत त्यांनी दार उघडलं.

समोर शिडी. शिडीवर बायको, तिच्या हातात दुसऱ्या मशीनची उपटलेली वायर. खाली शिडी धरून सासूबाई.

सासूबाई कितीतरी दिवसांनी अगदी हळू आवाजात बोलल्या.

"जावईबापू, आता घरात ओरडायची गरज नाही. सगळं ऐकू येतं. खालून भंगारवाला चाललाय, त्याला तेवढी हाक मारा. आज तुमचा आवाज छान लागलाय!"