रंगकाकांचा डावा डोळा

मुख्याध्यापिकाबाईंनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून भिंतीचा एक पोपडा काढला आणि रंगाच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवला.

"काका, हा कुठला रंग?"

"साय," रंगकाका पोपड्याकडे न बघताच म्हणाले.

"ही साय असेल तर तुमचा दूधवाला बदला. पाच वर्ग रंगवून झालेत, आणि शाळेत शिरलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय."

रंगकाका पस्तीस वर्षं याच दुकानात रंग मिसळत होते. नमुना नाही, माप नाही, नुसती आठवण. बादलीत पिवळ्याचे थेंब टाकायचे, ढवळायचं आणि मनासारखं दिसलं की थांबायचं. दुकानाच्या कोपऱ्यात रंग मिसळायचं नवंकोरं यंत्र प्लास्टिकखाली झाकून ठेवलेलं होतं. काका त्याच्याकडे पाठ करून बसत.

बाई गेल्यावर मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, ही तिसरी तक्रार. चौथी आली की ढवळायचं काम यंत्राकडे. तुम्ही आपले फोन घ्यायला बसा."

फोन घ्यायला! ज्या माणसाने अर्ध्या गावाच्या भिंती मनातून रंगवल्या, त्याने 'हॅलो, कोण बोलतंय' करायचं? काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काकूंनी मात्र दुखणं केव्हाच ओळखलं होतं. आदल्याच आठवड्यात काकांनी खुंटीवरच्या कोटाला "या, बसा" म्हटलं होतं. त्यांनी काकांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दोन्हीकडे मोतीबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुनं वार्निश पिवळं पडतं ना, तसं झालंय तुमच्या डोळ्यांत. ते काढू आणि तुमचा नंबर घातलेली नवी लेन्स बसवू. लांबचा चष्मा बहुतेक सुटेल, वाचायला मात्र लागेल. आधी उजवा, महिन्याभराने डावा. मधे दोन डोळ्यांना रंग वेगवेगळे दिसतील, तेव्हा घाबरून फोन करू नका."

एवढ्या बोलण्यातून काकांनी 'चष्मा सुटेल' एवढंच उचललं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत आटपलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काका घरी येईपर्यंत रस्त्यावरची एकूणएक पाटी काकूंना मोठ्याने वाचून दाखवत आले. चष्म्याशिवाय. काकूंनी दोनदा सांगितलं, मला वाचता येतं. पण ऐकतो कोण.

घरात पाऊल टाकलं आणि काका दारातच थबकले.

"ही भिंत कुणी रंगवली?"

"तुम्हीच. मी तेव्हाच म्हटलं पांढरी दिसतेय. तर म्हणालात, तुला रंगातलं काय कळतं."

काकांनी उजवा डोळा झाकला. भिंत सायीची. डावा झाकला. भिंत चुन्याची. उजवा, डावा, पुन्हा उजवा. मग ते मटकन खुर्चीत बसले. पिवळेपणा डोळ्यातच होता, म्हणून बादलीत तो कमी पडत गेला आणि त्यांना पत्ताच लागला नाही. दोन वर्षं गावाला साय म्हणून त्यांनी पाणी घातलेलं दूध पाजलं होतं.

आठवडाभर घरी बसून त्यांनी एकच वाक्य घोकलं: मालकीणबाई, माझं चुकलं, मी फोन घेतो.

दुकानात पोचले तर मुख्याध्यापिकाबाई हजर. चौथी तक्रार आली, असं काकांनी धरलंच.

"सहावा वर्ग राहिलाय," बाई म्हणाल्या, "आणि तोच रंग हवा. मुलांना त्याची सवय झाली. पालक म्हणतात, वर्ग किती उजळ झाले. परवा तपासणीला लोक येणार आहेत, सहाही वर्ग सारखे दिसले पाहिजेत."

मालकीणबाईंनी लगबगीने यंत्रावरचं प्लास्टिक काढलं. यंत्राने साय दिली, अगदी अस्सल. पोपड्यावर लावली तर हळद सांडल्यासारखी दिसली. शेजारचा नंबर दाबला, गुलाबी झाक आली. त्याच्या पुढचा हिरवट निघाला.

"नमुन्यांच्या कार्डात हा रंगच नाही," मालकीणबाई घाम पुसत म्हणाल्या.

"कसा असेल?" काका म्हणाले. "तो माझ्या मोतीबिंदूत होता."

त्यांनी बादली पुढे ओढली, उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि दुसऱ्या हाताने ढवळायला घेतलं.

"काका, पोपडा तरी बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

"नको. तेव्हा कुठे बघितला होता?"

डाव्या डोळ्याला साय दिसली तिथे काका थांबले. बोटभर रंग पोपड्यावर लावला, पंख्याखाली वाळवला. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून शोधला, काढून शोधला. नवा रंग कुठला ते सापडेना. मालकीणबाईंनी मुकाट्याने यंत्र पुन्हा झाकलं. काकांना तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

"छान. पुढच्या महिन्यात सभागृहालाही हाच द्या," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी काकांच्या डाव्या डोळ्याकडे बघितलं.

"काका," मालकीणबाईंचा आवाज एकदम मधाळ झाला, "ते दुसरं ऑपरेशन जरा पुढे ढकललं तर?"

काकू नेमक्या काकांच्या डोळ्यात दुपारचे थेंब घालायला आल्या होत्या. "तारीख ठरलीय," त्या म्हणाल्या. "शाळेच्या भिंतींसाठी मी नवरा अर्धा आंधळा ठेवायचा का?"

 मग काकांनी पस्तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पुन्हा उजवा डोळा झाकला, पुन्हा तोच रंग केला, आणि या वेळी प्रत्येक थेंब मोजला. काकूंनी आकडे कागदावर लिहिले आणि मालकीणबाईंनी ते यंत्रात भरले.

ठरल्या दिवशी डावा डोळाही झाला. पुढे सभागृह रंगून तयार झालं तेव्हा काकांनी ते दोन्ही डोळ्यांनी नीट बघितलं.

"काय भिकार रंग आहे," ते म्हणाले.

"पण लोक तोच मागतात, काका," मालकीणबाई म्हणाल्या. " आज चार जण येऊन गेले."

"मग द्या की. यंत्र आहे ना."

तेव्हापासून दुकानात कामाची वाटणी झाली. शाळेचा रंग हवा असेल त्याने कोपऱ्यात जायचं. खरी साय हवी असेल त्याने काकांच्या बादलीशी यायचं. काका आता यंत्राकडे तोंड करून बसतात. कुणी विचारलंच तर ढवळता ढवळता सांगतात, "हुशार आहे हो. माझी चूक अगदी बिनचूक करतं."