दिवाण तिमाजीपंत तळ्यात पडले त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. ज्याची सोंड वाकडी परी न्याय सरळ, त्यास दंडवत घालून शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध सप्तमीस जे वर्तमान जाहले ते लिहितो. खोटे लिहीन तर बोरू मोडो.

एक राज्य होते, नाव पुसू नये, अजून माणसे आहेत. तेथे दिवाण तिमाजीपंतांनी कायदा केला होता की, थोराअगोदर लहानाने पाऊल उचलू नये. ते दिवशी राजतळ्याचे पूजन होते आणि तीनशे असामी मानाप्रमाणे काठी उभे होते आणि पंत नारळ सोडावयास वाकले आणि शेवाळावरून घसरून नारळासुद्धा पाण्यात गेले. पंतांस पोहता येत नव्हते. मग सेनापतींनी शास्त्रीबुवांकडे पाहिले आणि शास्त्रीबुवांनी सेनापतींकडे, आणि कोणीच हलेना, तेव्हा हरएकास वाटले की घाबरण्याजोगे काही नसावे. शास्त्रीबुवा बोलिले, "पंत स्नान करीत असावेत." सेनापती बोलिले, "पागोट्यासुद्धा?" शास्त्रीबुवा बोलिले, "थोरांची रीत थोरांस ठाऊक." मग पंत ओरडले, "अरे, कोणी तरी काढा!" आणि तीनशे जणांनी माना डोलाविल्या की, खरे आहे, कोणी तरी काढावे. लिहिताना लाज वाटते हो! मग पंत दोनदा बुडाले आणि तिसऱ्याने वर आले, तो खालच्या पायरीवर भागू परटीण पासोडी धूत होती, तीही तीनशांच्या तोंडाकडेच पाहत होती. पंतांनी तिजकडे बोट केले, "अगे परटिणी, हिरव्या लुगड्याची! तूच! टाक ती पासोडी!" आणि तिने तत्क्षणी टाकिली आणि पंतांस धुण्यासारखे ओढून काढिले.

मग महाराजांनी चौकशी केली. तीनशे जबान्या जाहल्या, जबाब एकच, "दुसरा काढील असे वाटले." भागू बोलिली, "मलाबी तसंच वाटलं, महाराज. पर बोट माझ्याकडं झालं, मग कुठं पळू?" महाराज संतोषले आणि बोलिले, "शाबास! हिला कोणी तरी लुगडेचोळी द्या." तीनशे माना डोलल्या आणि घटका गेली आणि कोणी उठेना. मग भागूने पदर खोचिला आणि बोट केले, "अवो ओल्या पागोट्याचे! तुमीच! उठा!" आणि पंत उठले, लुगडेचोळी आणिली आणि आपला कायदा आपणच फाडिला.

तात्पर्य, तीनशे असता कोणी नाही, बोट करिता एक पुरे. ही बखर कोणी तरी जपून ठेवावी. छे, चुकलो! वाचणाऱ्या, तूच ठेव.