रुद्रेशची हलकी गाडी

"यंदा लातूरला समद्यांना माझी फक्त मागची नंबरप्लेट दिसणार!" रुद्रेशनं पालमच्या भर बाजारात जाहीर करून टाकलं. ऐकायला चहावाला होता, दोन गिऱ्हाइकं होती आणि धम्मानंद मेकॅनिक होता. म्हणजे दुपारपर्यंत गावाला कळणार, याची सोय झाली.

रुद्रेशचं भुसार मालाचं दुकान. दुकान त्याच्या वडिलांचं, बसप्पांचं. रुद्रेशची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे बावीस वर्षांची जुनी जपानी लान्सर गाडी. ती त्यानं आणि धम्मानंदनं मिळून अशी काही बदलली होती, की जपानहून कुणी आलं असतं तर त्यालाही ओळखू आली नसती. खाली इतकी उतरवलेली की पालमचा प्रत्येक गतिरोधक तिच्या पोटाला हात लावून बघायचा. आवाज असा की गल्लीतली म्हातारी माणसं ती गेल्यावर शिवाचं नाव घ्यायची.

लातूरजवळ अर्धवट राहिलेल्या एका वसाहतीच्या मोकळ्या रस्त्यांवर अशा गाड्यांचे हौशी मालक मधूनमधून जमतात. घड्याळ लावून एकेकानं फेऱ्या मारायच्या, ज्याची एक फेरी सगळ्यात कमी वेळात तो पहिला. याला ट्रॅक डे म्हणतात. बसप्पा याला 'पेट्रोलचं तेरावं' म्हणत. मागच्या दोन्ही वेळी रुद्रेश शेवटचा आला होता.

"आता बास," बसप्पा म्हणाले. "ह्या टायमाला बी शेवटचा आलास तर गाडी इकायची आन दुकानाला टेम्पो घ्यायचा. कबूल?"

"कबूल!" रुद्रेश म्हणाला, आणि रात्रभर त्याला झोप आली नाही.

उपाय एकच होता. वजन कमी करायचं! मागची सीट काढली, एसी काढला, दारांची आतली अस्तरं काढली, स्टेपनी काढली. निघालेली प्रत्येक वस्तू त्यानं दुकानातल्या काट्यावर, तुरीच्या पोत्यांच्या रांगेत उभं राहून मोजली. शेवटी शेजारची सीटही निघाली.

"अवं, माझी सीट कुठं हाय?" बायकोनं, अनुपमानं विचारलं.

"तिचं वजन अठरा किलो व्हतं."

"आन माझं?"

इथं रुद्रेशनं आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय घेतला आणि तो गप्प बसला.

"लोक गाडीत सीटं घालून घेतेत," बसप्पा गिऱ्हाइकाला सांगत होते, "आन आमचं येडं काढून टाकायलंय!"

सत्त्याऐंशी किलो कमी झाले! वर रुद्रेशनं चार महिने रात्रीची भाकरी सोडली आणि स्वतःचे तीन किलो उतरवले. नव्वद! आता प्रश्न एकच उरला, तो म्हणजे आई, भागम्मा. तिची लेक शिवरंजनी लातुरात दिलेली, आणि लेकीच्या गावाला रिकामी गाडी जाऊ देणं म्हणजे भागम्माच्या लेखी पाहुण्याला उपाशी लावून देण्यासारखं.

"आई, आधीच सांगायलोय. शिवरंजनीसाठी चिमूटभर बी न्यायचं न्हाई."

"बरं," आई म्हणाली.

चौतीस वर्षांत आई एका शब्दावर कधी थांबली नव्हती. खरं तर तिथंच त्याला शंका यायला हवी होती!

निघायच्या दिवशी भागम्मानं किल्ली मागून घेतली. गाडीला विभूती लावायची होती, चाकाखाली लिंबू ठेवायचं होतं. रुद्रेश अंघोळीला गेला. परत आला तेव्हा बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे झळकत होते आणि धम्मानंद कंबर चोळत उभा होता.

"काय झालं रे?"

"काय न्हाई. लिंबू जड व्हतं," धम्मानंद म्हणाला आणि एसटी पकडायला पळाला. गाडीत त्याच्यासाठी सीटच राहिली नव्हती ना!

राणीसावरगावच्या पुढच्या चढाला गाडी जरा आळसली. रुद्रेशनं दोष वाऱ्याला दिला. लातूरला पोचला तर एसटीनं निघालेला धम्मानंद तिथं चहा पीत बसलेला!

गाड्या तपासणारा तरुण डिकीपाशी आला.

"साहेब, तिथं काय बघायलाव?" रुद्रेश छाती काढून म्हणाला. "मी स्टेपनीसुद्धा घरी ठेवलीया!"

तरुणानं कौतुकानं कागदावर खूण केली आणि पुढं गेला. धम्मानंदला अचानक जोराचा खोकला आला.

पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या. वळणावर मागून घुडूम असा आवाज येत होता. गाडी मात्र रस्त्याला चिकटून चालली होती. सगळ्यात चांगली फेरी निघाली दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांची. बाकीच्यांच्या मानानं ही बैलगाडीच! रुद्रेश घामाघूम होऊन उतरला, तेवढ्यात समोरून शिवरंजनी रिक्षातून उतरली, भावाकडं न बघता सरळ डिकीकडं गेली आणि म्हणाली, "दादा, माझा पाटा दे."

"कसला पाटा?"

डिकी उघडली. स्टेपनीच्या रिकाम्या खड्ड्यात गोधडीत गुंडाळलेला पाटा-वरवंटा, खास मापून केल्यासारखा बसला होता! त्यावर तुरीची डाळ, ज्वारी, शेंगदाणे, आणि कुरडयांचा डबा.

"मिक्सरच्या चटणीला चव न्हाई म्हणली आई," शिवरंजनी म्हणाली.

"धम्या!" रुद्रेश ओरडला.

"काकूंनी शपथ घातली व्हती, भाऊ! पाट्याचं एक टोक मीच धरलं व्हतं."

सगळं मिळून नव्वद किलोंच्या वर भरलं असणार! चार महिन्यांच्या भाकरी रुद्रेशच्या डोळ्यांसमोरून गेल्या. पण राग जाऊन लगेच आनंद झाला. एवढ्या ओझ्यासकट दोन चव्वेचाळीस, तर आता? सामान रिक्षात गेलं, रुद्रेश हेल्मेट घालून बसला. "आता बघा म्हणावं!"

सगळ्यांनी बघितलं. पहिल्याच वळणावर हलकी झालेली गाडी मागून सुटली, गर्रकन फिरली आणि अॅम्ब्युलन्सकडं तोंड करून उभी राहिली. अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं नम्रपणे दार उघडून धरलं. दुसऱ्या फेरीत ती कडेच्या बाभळीला नमस्कार करून आली. तिसरी फेरी रुद्रेशनं जीव मुठीत धरून मारली. दोन अठ्ठावन्न!

निकाल लागला. प्रत्येकाची सगळ्यात चांगली फेरी धरली होती. अकरा गाड्यांत रुद्रेश दहावा, पाट्याच्या फेरीवर! अकरावे एक डॉक्टर होते, दोन सेहेचाळीस. त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती.

त्यानं घरी फोन लावला. "अप्पा, शेवटून दुसरा."

पलीकडं बसप्पांनी बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ दे गाडी." आणि फोन आईकडं गेला.

"पाटा फुटला न्हाई न्हवं?"

"न्हाई," रुद्रेश म्हणाला. गाडी वाचली होती, आणि कुणामुळं वाचली ते आईला सांगायची त्याची हिंमत नव्हती.

दोन महिन्यांनी पुन्हा ट्रॅक डे आला. या वेळी तपासणाऱ्या तरुणानं डिकी उघडलीच. आत नवा कोरा पाटा-वरवंटा, पट्ट्यांनी घट्ट बांधलेला.

"हे काय?"

रुद्रेश बुटांकडं बघत पुटपुटला, "आमच्या आईचं ट्यूनिंग हाय."